वंशावळीत नसलेली लेकरं

2023 च्या हिवाळ्यात आमच्या भागात घरोघरी वंशावळी लिहिल्या जात होत्या. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध जोरात होता. तहसीलच्या अभिलेख कक्षापुढं गर्दी असायची, मोडी वाचणाऱ्याला कधी नव्हे ती मागणी आली होती, आणि निजामाच्या काळातले उर्दू कागद वाचून घ्यायला लोक जुन्या मास्तरांची घरं शोधत फिरत होते. नोंद सापडली तरी ती आपल्याच घराण्यातल्या माणसाची आहे हे दाखवायला वंशावळ लागते. अर्जदार, बाप, आजा, पणजा, खापरपणजा. कागदावर रेघा ओढायच्या आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला एक नाव लिहायचं. आमच्या माहेरी ते काम माझ्याकडं आलं. भावकीत जुन्या कागदांचा नाद मला एकटीलाच.

त्या नोंदींचं पुढं काय झालं, कुणाला प्रमाणपत्र मिळालं, हा विषय इथं काढत नाही. त्या शोधात कुणी न मागितलेलं जे हाती लागलं, त्याबद्दल लिहायचं आहे.

वंशावळीत जगलेलेच असतात. जगले, वाढले, ज्यांची लग्नं झाली आणि ज्यांचा वंश पुढं चालला, असे पुरुष. दक्षिण मराठवाड्यात वंशावळ सांगणारे हेळवी यायचे, अजूनही कुठं कुठं येतात. त्यांच्या वहीत पिढ्यान् पिढ्यांची नावं असतात, तीही अशीच. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांचे चोपडे जरा वेगळे. तिथं गेलेला माणूस त्या दिवशी हयात असलेली आपली माणसं लिहून येतो. आमच्या पणजोबांनी तिथं आपल्या भावांखाली तीन मुलगे लिहिले आहेत. पणजोबा गेल्यावर अस्थी घेऊन आजोबा गेले, तेव्हा त्याच चोपड्यात त्यांनी आपला भाऊ म्हणून एकच नाव लिहिलं. दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली की एक मुलगा कमी भरतो. त्याचं नाव आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, माझ्या वडलांनाही नाही. सख्खा चुलता होता त्यांचा.

दुसरी नोंद याहून अवचित मिळाली. आमचं गाव कळंब तालुक्यात, म्हणजे 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. पणजीचं माहेर बार्शी तालुक्यात, इंग्रजांच्या मुलखात. बैलगाडीनं दिवसभराची वाट, मधे दोन राज्यांची सरहद्द. सोयरिकी सरहद्द मानत नव्हत्या. बार्शीकडच्या गावांत जन्म-मृत्यूची मोडीतली वही ठेवलेली असायची. आम्हाला तिकडच्या वहीशी काही देणंघेणं नव्हतं; आपलं घराणं इकडचं. पण पणजीच्या माहेरचे लोक त्यांच्यासाठी ती वही वाचून घेत होते, आणि वाचता वाचता वाचणारा थांबला. हे आडनाव आपल्या गावातलं नाही, म्हणाला. ते पणजोबांचं होतं. जावयाचं नाव सासुरवाडीच्या वहीत.

खरं तर यात आश्चर्य काहीच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. लेक सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते, सव्वा महिना होऊन, कधी त्याहून जास्त राहून परत जाते. म्हणजे ज्यांच्या घराण्याचे कागद निजामाच्या मुलखात मिळत नाहीत, त्यांच्या पहिल्या लेकरांची नोंद पणजीच्या, खापरपणजीच्या माहेरी असू शकते. वंशावळ बापाच्या रेघेनं शोधणाऱ्याला ही वाट दिसत नाही. बाईच्या रेघेनं गेलं तरच दिसते.

साल 1911. मुलगा. आणि काही पानांपुढं, मयतांच्या यादीत, बापाचं तेच नाव, पुरुष, वय महिन्याच्या आत, कारण: ताप.

आमच्या वंशावळीतले थोरले आजोबा त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेले. तोवर आम्ही सगळे त्यांनाच पणजीचं पहिलं लेकरू समजत होतो.

त्या 'ताप' शब्दावर फार विसंबता येत नाही. इंग्रजी अमलातल्या मृत्यूच्या तक्त्यांना ठरावीक रकाने होते: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, इजा, आणि बाकीचे. लिहिणारा वैद्य नव्हता, गावकामगार होता. मेलेलं माणूस गरम लागलं होतं असं घरच्यांनी सांगितलं की ते तापात. हिवताप तिथं, गोवर तिथं, लेकराची छाती भरली ते तिथं, नाळेतून विष अंगात भिनलं ते तिथं. त्यामुळं त्या काळच्या सगळ्या अहवालांत तापाचा आकडा डोंगराएवढा दिसतो. आपल्या घरातलं लेकरू खरोखर कशानं गेलं हे कागद सांगत नाही. तेव्हा मी कागद बंद केला आणि आजीकडं गेले.

आजी रझाकारांच्या वेळी बारा-तेरा वर्षांची होती, त्यावरून तिचं वय धरायचं. ऐकू कमी येतं, पण डोकं साफ आहे. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. मी विचारलं, आत्याबाईंना मुलं किती होती? चार, ती म्हणाली. दोन भाऊ, दोन बहिणी. मग मी त्या वहीतल्या लेकराचं सांगितलं. ती जरा वेळ माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "व्हय, आत्याबाईला धा झालती. चार जगली. तू इचारलंस हायेत किती, म्या सांगितलं चार."

एवढा फरक होता. मुलं किती म्हटलं की जगलेली मोजतात. झाली किती म्हटलं की सगळी. माझ्या घरात सत्तर वर्षं ही मोजणी होती, ती कुणी मागितली नव्हती म्हणून बाहेर आली नव्हती.

दहापैकी पहिलं ते 1911 चं. दोन मानमोडीत गेली. चोपड्यातून गळालेला मुलगा देवीनं गेला, दहा-बारा वर्षांचा होऊन. सणाच्या जेवणात आत्याबाई त्याचं पान वेगळं काढायच्या, आजीनं ते लग्न होऊन आल्यावर पाहिलं होतं. उरलेल्या दोघांबद्दल आत्याबाई कधी बोलल्या नाहीत आणि आजीनं विचारलं नाही.

मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ. जूनमध्ये मुंबई बंदरात उतरली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिची दुसरी लाट आतल्या मुलखात शिरली तेव्हा त्याच वर्षी पाऊस पडलेला नव्हता. पोटात अन्न नाही आणि घरात उभं राहायला माणूस नाही. हिंदुस्थानात त्या साथीनं दीड कोटीच्या आसपास माणसं नेली असं अभ्यासक धरतात. कुणी एक कोटी वीस लाखांच्या घरात आकडा ठेवतं, कुणी दोन कोटींपर्यंत नेतं. शिरगणती सुरू झाल्यापासून देशाची लोकसंख्या कमी भरलेलं एकच दशक आहे, 1911 ते 1921. आमच्या घरातली त्यातली दोन. एक रांगत होतं, एक चालत होतं. एकाच आठवड्यात गेली आणि पणजी स्वतः तापात पडलेली असल्यानं तिला दुसऱ्याचं चार दिवसांनी कळलं, असं आजी म्हणते.

त्या दशकात हिंदी माणसाचं सरासरी आयुर्मान वीसेक वर्षांचं होतं. हा आकडा सांगितला की लोकांचा विश्वास बसत नाही. आमचे पणजोबा ऐंशी पार करून गेले, मग वीस कसं? लोक म्हणतात, जुनी माणसं दणकट होती, जवारीची भाकर खाऊन नव्वदीपर्यंत जगायची. जगायची, खरं आहे. जी पोरवयातून पार पडली ती. सरासरी खाली ओढली होती ती पाळण्यातल्या आणि रांगत्या लेकरांनी. दहातलं एखादं ऐंशीपर्यंत गेलं आणि पाच-सहा पाच वर्षांच्या आत गेली, की सरासरी वीसवर येते. 'जुनी माणसं दणकट' हे वाक्य आपण मोठ्या अभिमानानं म्हणतो, तेव्हा आपण निवडक उरलेल्यांकडं बघत असतो. मला ते वाक्य आता ऐकवत नाही.

आणि हे गरिबांच्याच घरी होत होतं असंही नाही. आमच्या खुलताबादेत ज्याची कबर आहे त्या औरंगजेबाची आई मुमताजमहल. तिची चौदा बाळंतपणं झाली, सात मुलं वाढली, चौदाव्या बाळंतपणात ती बऱ्हाणपुरात गेली, 1631 साली. हिंदुस्थानच्या बादशहाची राणी, हकिमांची काय कमतरता. त्याच वर्षांत दख्खनेत मोठा दुष्काळ होता, आणि देहूत तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा त्या दुष्काळात गेल्याचं परंपरा सांगते. बादशहाचं घर आणि कुणब्याचं घर, दोन्हींकडं मरण सारखंच येऊन गेलं.

आत्याबाईंचं सांगून झाल्यावर मी आजीला विचारलं, आणि तुझी? माझ्या बापासकट ती चार भावंडं. "सात," आजी म्हणाली.

तिचं पहिलं लेकरू तिच्या माहेरीच झालं. मुलगी. बाळंतपण सोपं झालं, लेकरू चांगलं रडलं, दूध ओढायला लागलं. पाचवी पुजली. पाटा-वरवंटा मांडला, कोरा कागद ठेवला, रात्रभर बायका जाग्या राहिल्या, कारण त्या रात्री सटवाई येऊन लेकराच्या कपाळी लिहून जाते. "मग दूध वढंना गेलं. तोंडच उघडंना. हात लावला की अंग ताटायचं, कमानीवानी व्हायचं. आठव्या दिशी गेलं. सटवीनं नेलं म्हनले समदे."

नाळ कशानं कापली होती, मी विचारलं. विळ्यानं. मग राख लावली.

मी डॉक्टर नाही, पण हे वर्णन कुठल्याही आरोग्य सेविकेला ऐकवा, ती पुढचं सांगेल. तो धनुर्वात होता. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात. विळ्यावरून किंवा राखेतून नाळेच्या ताज्या जखमेत जातात. बाळ जन्मतः ठणठणीत असतं, पहिले दोन-तीन दिवस नीट पितं, आणि मग जबडा मिटतो. बहुतेक बाळांना हे पहिल्या आठवड्याच्या आगेमागे होतं. सटवाईची रात्र पाचवी किंवा सहावी. मला वाटतं, आपल्या पूर्वजिणींनी कारण ओळखलं नव्हतं, पण वेळ बरोबर ओळखली होती. चांगलं पिणारं लेकरू नेमकं याच दिवसांत का जातं, हे शेकडो वर्षं डोळ्यांनी बघून त्यांनी त्या रात्रीला पहारा बसवला. पूजेतल्या त्या कोऱ्या कागदाकडं मी आता अंधश्रद्धा म्हणून बघू शकत नाही. रात्रभर जागणाऱ्या त्या बायका लेकराला राखत होत्या, आणि मरण तर आधीच, पहिल्याच दिवशी, विळ्याच्या पात्यावरून आत गेलेलं होतं.

दुसरं गोवरानं गेलं, तिसरं हगवणीनं. हगवणीचं आजीनं अगदी थोडक्यात सांगितलं. पाणी देऊ नका म्हणाले, पाण्यानं जास्त होतं. लेकरू पाणी मागत होतं. तिनं दिलं नाही. एवढं सांगून ती उठून आत गेली, आणि त्या दिवशी आम्ही पुढं बोललो नाही.

लेकराला जुलाब होत असताना पाणी तोडायचं, ही समजूत गावोगाव होती, आणि तिनं किती लेकरं वाळून गेली याला गणती नाही. 1971 साली, बांगलादेश युद्धाच्या वेळी, बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजची साखर घातलेलं पाणी पिंपांतून लोकांना पाजलं, आणि पटकीची मरणं कितीतरी पटीनं खाली आली. आपण त्याला जलसंजीवनी म्हणतो. साखर, मीठ, पाणी. आजीच्या घरात तिन्ही होतं.

आता मला ज्यासाठी हे लिहायचं होतं तिथं येते. या विषयावर बोलायला लागलं की चांगली शिकलेली माणसंही एक वाक्य हमखास म्हणतात. तेव्हा दहा-दहा व्हायची, दोन-चार जायची, लोकांना त्याचं काही वाटत नसे. सवय झाली होती. हे मी लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे, कॉलेजातल्या प्राध्यापकाच्या तोंडून ऐकलं आहे. मी ते मानत नाही, आणि न मानायला माझ्याकडं कारणं आहेत.

जुन्या मतदार याद्या काढून बघा. दगडू, धोंडिबा, कचरू, उकंडा, भिकाजी, सुपडू, दगडाबाई, धोंडाबाई, भिकाबाई. आमच्या वंशावळीतही यातली दोन नावं आहेत. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणजे पुढच्याला दगड म्हणायचं, उकिरड्यावर ठेवून उचलून आणायचं, सुपात घालून शेजारणीला द्यायचं आणि पसाभर धान्य देऊन परत मागून घ्यायचं. मुलाचं नाक टोचायचं, मुलीचे कपडे घालायचे. याचं कुणाला काय, हे टाकलेलं आहे, असं मरणाला दाखवायचं. ज्यांना काही वाटत नव्हतं ती माणसं पोटच्या पोराला जन्मभरासाठी कचरू नाव कशाला ठेवतील? अशा प्रत्येक नावामागं आधीची दोन-तीन लेकरं आहेत, आणि ती वंशावळीत नाहीत. नवसाची पोरं निराळीच. मराठवाड्यात पिराला केलेल्या नवसाचे पिराजी हिंदूंच्या घरी आहेत. लेकरू जगवायचं म्हटल्यावर आईनं देव कुणाचा हे विचारलं नाही.

आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं. त्या काळात अशी लाखो बाळं जात होती. सवय झाली असती तर त्या मुलीनं समुद्र ओलांडून 1886 साली डॉक्टरकीची पदवी घेतली नसती.

याहून जुना पुरावा हवा असेल तर तो गोदा-भीमेच्या खोऱ्यांतच आहे. नेवाशाला, प्रवरेच्या काठी, आणि पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची जोर्वे संस्कृतीची शेतकरी वस्ती. तिथं सापडलेल्या दफनांत लहान मुलांची दफनं सर्वांत जास्त आहेत. बाळाला दोन रांजणांत ठेवलेलं, रांजणांची तोंडं एकमेकांना भिडवलेली, आणि खड्डा घराच्या जमिनीत. गावाबाहेर नाही, ओढ्याकाठी नाही. जिथं बाकीचे निजत होते, जेवत होते, तिथंच खाली. त्या माणसांची भाषा आपल्याला माहीत नाही, देव कोणते होते त्याचाही अंदाजच. पण गेलेलं लेकरू घराबाहेर न्यायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं, आणि ते शतकानुशतकं पाळलं.

आमच्याकडं लहान लेकरू जाळत नाहीत, पुरतात. वर दगडसुद्धा ठेवत नाहीत. आजीला तिन्ही जागा माहीत आहेत. त्यातली एक कालव्यात गेली.

हे सगळं कसं थांबलं, तेही आजीच्या घरातच दिसतं. चौथ्या खेपेपासून तिची लेकरं जगली. तिच्या मते नवसानं. तिच्या सुनांच्या वेळेपर्यंत गरोदरपणी धनुर्वाताची सुई आली होती, सुईण नवं ब्लेड वापरायला शिकली होती. बीडच्या सरहद्दीला लागून असलेल्या जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी अक्षरओळख नसलेल्या खेड्यातल्या बायकांनाच आरोग्याचं शिक्षण दिलं. आमच्याच जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं अशाच बायका भारतवैद्य म्हणून उभ्या केल्या. 1975 नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही. 1985 पासून सार्वत्रिक लसीकरणात गोवराची लस आली. 2015 साली बाळ-बाळंतिणीच्या धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हजारात दोनशेच्या वर बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. 2020 च्या नमुना नोंदणीत महाराष्ट्राचा आकडा हजारी 16 आहे. आता बाळंतिणीच्या खोलीत पाचवी पुजतात ती हौसेनं. भीती कशाची होती हे नव्या पोरींना सांगावं लागतं. लस टोचायला नको म्हणणारी एक शिकलेली आई मला मध्यंतरी भेटली, तेव्हा मी तिच्यापुढं कुठलाही आकडा ठेवला नाही. आजीकडं घेऊन गेले.

तहसीलला दिलेली वंशावळ नियमाप्रमाणं आहे, पुरुषांची. घरी मी दुसरी काढली. तिच्यात बायका आहेत, आणि झालेली सगळी लेकरं आहेत. ज्यांची नावं ठाऊक आहेत त्यांची नावं लिहिली. पाचवी झाली पण बारसं झालं नाही अशांना नाव नव्हतंच. तिथं आईचं नाव, साल आणि 'मुलगी' किंवा 'मुलगा' एवढं लिहिलं. साल मानमोडी, रझाकार, बहात्तरचा दुष्काळ यांच्या अलीकडं-पलीकडं धरून काढलं. पणजीच्या त्या दोघांसाठी, ज्यांच्याबद्दल ती बोलली नाही, दोन रिकाम्या जागा ठेवल्या. माझ्या वडलांनी तो कागद बराच वेळ बघितला आणि स्वतःच्या नावाआधीच्या तीन जागांवर बोट ठेवून विचारलं, हे माझ्याहून थोरले का? त्यांना मुलीचं माहीत होतं. बाकी दोघांचं नव्हतं.

कागदाचा फोटो भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. कुणी काही लिहिलं नाही. मग रात्री परभणीहून चुलत आत्याचा फोन आला. ग्रुपवर बोलता येईना म्हणून फोन केला म्हणाली. "माझ्या आईचे दोन राहिलेत तुझ्या कागदात. लिहून घे. एक पोरगा, रझाकारांच्या आदल्या साली झालेला, दोन वर्षांचा होता, देवीनं गेला. आणि एक माझ्या पाठची, तिचं बारसं झालं होतं, नाव सांगते." मी 1947 लिहिलं आणि त्याखाली दुसरी ओळ सोडली. आत्या म्हणाली, थांब, आईच्या सवतीचंही एक होतं, तेही आधी लिही.